घोणगडावर निघालेली शेळी

माझी धाकटी नणंद हौसा उजवली, त्या वर्षीची ही गोष्ट. १९६० सालच्या दिवाळीनंतर तिचं लग्न लागलं आणि पुढच्याच आठवड्यात माझे मालक मेंढरं घेऊन कोकणात उतरले. घरी मी, माझे सासरे आणि अकरा शेळ्या एवढेच उरलो. चैत्र लागला, भैरोबाची यात्रा दहा दिवसांवर आली आणि देवळात भांडण पेटलं.

"माती कुठं टाकली?" ठोंबरे गुरुजी विचारत होते. "एवढंच सांगा मला."

मी बायकांबरोबर खांबामागं उभी होते. गुरुजी शाळेतले एकटेच मास्तर, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. किडकिडीत अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोर सरपंच तात्या, देवळाचे गुरव आणि निम्मं गाव.

"कसली माती?" तात्या म्हणाले.

"भुयाराची. देवळापासून घोणगडापर्यंत चार कोस भुयार आहे म्हणता. चार कोस खणलं तर माती निघणारच. तिचा डोंगर झाला असता. तो डोंगर दाखवा, मी गप्प बसतो."

"नदीत टाकली असंल," कुणीतरी म्हणालं.

"मग नदी बुजली असती."

लोक हसले. तात्या नाही हसले. "गुरुजी, मागल्या यात्रेत तंबूत सिनेमा बघितला न्हवं तुम्ही? राजा कसा भुयारातनं घोड्यावर बसून पळाला! एवढा मोठा सिनेमा काढणारे येडे हायती व्हय?"

"तात्या, ते भुयार पुठ्ठ्याचं होतं. घोडं वळलं तेव्हा भिंत हलली. पोरांनीसुद्धा बघितलं."

मग सगळ्यांच्या माना माझ्या सासऱ्यांकडं वळल्या. कारण भुयाराची गोष्ट गावाची असली तरी त्या गोष्टीतली शेळी आमची होती.

देवळाच्या मागं, गाभाऱ्याला लागून जमिनीत एक तोंड आहे. माणूस बसून आत सरकू शकेल एवढं. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी त्यात शेळी सोडली आणि ती तिसऱ्या दिवशी घोणगडावर बालेकिल्ल्याखालच्या भोकातून बाहेर आली, असं गाव सांगत आलं. म्हणून यात्रेत भैरोबाच्या पालखीचा पहिला खांदा आमचा. गावात आमचं एकच धनगराचं घर, तेही गावकुसाबाहेर. पण त्या एका दिवशी सरपंचानंसुद्धा आमच्या मागं चालायचं. हौसाची सोयरीक जुळली तीही त्यावरच. तिचा सासरा बैठकीत म्हणाला होता, "हुंडा नको, मानकऱ्याची लेक पाहिजे."

मामंजी उठले. त्यांना दमा होता, चार शब्द बोलले की थांबावं लागे. "गुरुजी, तुमी शिकलेली माणसं. माझा आजा खोटं बोलला म्हणता?"

"नाही बिराबा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "ते खोटं बोलले असं नाही म्हणत. मी म्हणतो, बघितलं कुणी? तुम्ही बघितलं? मी म्हणतो तेही नुसतं ऐकू नका. बघा. एक शेळी सोडा."

तात्यांचे डोळे बारीक झाले. पालखीच्या पहिल्या खांद्यावर त्यांच्या भावकीचा किती वर्षांपासून डोळा होता ते लहान पोरालाही ठाऊक होतं.

"सोडायची," तात्या म्हणाले. "आली तर गुरुजींनी देवाला नारळ ठेवायचा आन् शाळेत पोरांफुडं चुकलो म्हणायचं. न्हाई आली, तर मग बिराबा, पहिल्या खांद्याचंबी बघावं लागंल."

मामंजींनी मागं वळून माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "सोडतो."

त्यांचा विश्वास होता. हे मी आधीच लिहून ठेवते. त्या दिवशी त्यांच्या मनात काहीच खोट नव्हती.

आमच्याकडं दोन जुळ्या शेळ्या होत्या, चांदी आणि बिजली. दोघी काळ्या, कपाळावर पांढरा टिळा. मला आणि मामंजींना त्या दोन बहिणींसारख्या वेगळ्या ओळखू येत, कारण बिजलीचं डावं शिंग जरा आत वळलेलं. पण शेतकऱ्याला काळी शेळी ती काळी शेळी. मामंजींनी चांदीला पुढं काढलं, कारण ती धीट होती.

"तीच शेळी आली हे ओळखायचं कसं?" गुरुजींनी विचारलं.

"कान बघा," मामंजी म्हणाले. "उजव्या कानाला दोन खाचा. ह्या मुलखात दुसऱ्या कुणाच्या जनावराला ही खूण न्हाई."

ते खरं होतं. आमच्या घराची खूणच ती. प्रत्येक धनगराच्या घराची कानावरची खूण वेगळी असते, म्हणजे कळप मिसळले तरी आपलं जनावर आपल्याला सापडतं. पण ती खूण आमच्या अकराही शेळ्यांच्या कानाला होती. गुरुजींना वाटलं खूण त्या एका शेळीची. गावाला माहीत होतं, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. मामंजींच्याही तेव्हा आलं नसावं.

चांदीच्या कपाळाला गुलाल लावला, गळ्यात घुंगरू बांधलं आणि तिला आत ढकललं. ती लगेच बाहेर आली. पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा तात्यांनी भुयाराच्या तोंडाला बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, रचायला लावले.

"असं बंद करू नका," गुरुजी म्हणाले. "परत यायचं असेल तर येऊ द्या तिला."

"वाट मोकळी ठेवली तर ती पाल्यासाठी हितंच येणार. मग तुमीच म्हणणार, बघा, भुयार न्हाई."

सगळे हसले. गुरुजींचं कुणी ऐकलं नाही. दोन गडी घोणगडावर राखणीला गेले. देवळाकडं गुरव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींना दूध घालायला निघाले. रोज घालत असे, शाळेच्या खोलीत ते एकटेच राहत. वाटेत देवळामागं गेले. गुरव पूजेत होते. फासांना कान लावला तर चांदी ओरडत होती. लांब कुठं चार कोसांवर नाही, तिथंच, हाताच्या अंतरावर. माझा वास लागला तशी जास्त ओरडायला लागली.

मी पळत घरी आले. "मामंजी, ती हितंच हाय. पुढं गेलीच न्हाई."

"जाईल. भूक लागली की जाईल."

"काढू का तिला?"

त्यांनी मान हलवली. "तीन दीस सांगितलंय."

दुपारी मी पुन्हा गेले. आता आवाज आतून येत होता, खोलातून, आणि बारीक. संध्याकाळी गेले तेव्हा काहीच नव्हतं. बराच वेळ कान लावून बसले. आतून दमट, कोंदट वास येत होता, तेवढाच.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा मामंजी घोंगडीवर बसले होते. त्यांनी धाप आवरली. मग म्हणाले, "मेली व्हय?"

"वाटतंय तसं."

"म्हंजे आजा..." आणि त्यांनी घोंगडीचं टोक डोळ्यांना लावलं. माझ्या सासऱ्यांना मी त्या आधी रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. डोळे पुसून त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती हौसाची. "तिच्या सासऱ्याला कळलं तर काय म्हणंल गं?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"बिजलीला गडावर न्हे," ते म्हणाले. "मला चढवत न्हाई. तूच न्हे."

कोपऱ्यातली भंडाऱ्याची डबी उघडून त्यांनी माझ्या हातावर भंडारा ठेवला. "ह्याची शपथ हाय तुला. जीव गेला तरी कुणाला सांगायचं न्हाई. तुझ्या नवऱ्यालाबी न्हाई."

मी बावीस वर्षांची होते. मूठ मिटली आणि हो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी उजाडायला मी निघाले. डोक्यावर राखणदारांच्या भाकऱ्या, मागं बिजली. गावातून गेले नाही, ओढ्या-ओढ्यानं गेले. गडावर पोचायला दुपार झाली. बालेकिल्ल्याच्या मागच्या अंगानं चढले आणि वरून पाहिलं तर दोघं राखणदार करवंदीच्या जाळीच्या सावलीत तोंडावर टॉवेल टाकून पडलेले. मी बिजलीच्या कपाळाला गुलाल फासला, तसलंच घुंगरू बांधलं, अंगावर माती टाकली आणि भोकाच्या तोंडाशी नेऊन आत ढकललं. शेळीला अंधार आवडत नाही. मी खडकामागं दडते न दडते तोच ती ओरडत बाहेर आली आणि राखणदारांच्या उशाला जाऊन उभी राहिली.

"अरं आली! शेळी आली! भैरोबाच्या नावानं चांगभलं!"

मी वळसा घालून पायवाटेनं वर आले, जणू आताच पोचते आहे. एकानं माझ्या पायाला हात लावला. "वैनी, तुमची शेळी! देवाची शेळी!" दुसरा ढसाढसा रडत होता. झोपलो होतो हे दोघांनीही पुढं जन्मात कुणाला सांगितलं नाही. उलट ती कशी अंधारातून उजेडासारखी चालत आली, त्याचं वर्णन दरवर्षी वाढत गेलं.

संध्याकाळी ढोल वाजवत शेळी गावात आणली. मामंजींना लोकांनी खांद्यावर घेतलं. तात्या कडेला उभे होते. पण त्यांनाही हात जोडावे लागले.

गुरुजी गर्दीतून पुढं आले. त्यांनी बिजलीचा उजवा कान हातात धरला, दोन्ही खाचांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "बिराबा, मी चुकलो."

त्यांनी नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांसमोर उभं राहून सांगितलं, "मी म्हणालो होतो भुयार असणं शक्य नाही. माझं चुकलं. आपण बघितलं, म्हणून आता मत बदलायचं." पोरांनी ते घरोघरी सांगितलं. गावाला फार मजा वाटली. मला मात्र त्या माणसाचं नवल वाटलं. इतक्या सरळ कुणी हरताना मी पाहिलं नव्हतं.

आणि मग शुक्रवारी त्यांनी देवळात येऊन सांगितलं, "रविवारी मी आत जाणार."

"कशाला?" तात्यांनी विचारलं.

"शेळी तीन दिवसांत जाते तर माणूस एका दिवसात जाईल. मोजून येतो. माती कुठं टाकली तेही कळेल. एवढं मोठं काम आपल्या लोकांनी केलंय आणि कुठल्या पुस्तकात नाही. हे लिहून काढलं पाहिजे." त्यांचे डोळे पोरासारखे चमकत होते. कंदील कुणाचा, दोर कुणाचा, यावर लगेच बोलणं सुरू झालं.

घरी आल्यावर मी मामंजींना म्हटलं, "त्यांना सांगाय पायजे."

"धा पावलं जाईल आन् फिरंल माघारी."

"न्हाई फिरले तर?"

"शिकलेला माणूस हाय. जिवाला भिणार न्हाई व्हय?"

"मामंजी, ते भिणारे न्हाईत. आपण शेळी दाखवलीय त्यांना. ते आपल्या भरवशावर जाणार."

ते भिंतीकडं तोंड करून पडले. तिकडूनच म्हणाले, "शपथ घेतलीयास तू." मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. ती पाठ धापेनं वर-खाली होत होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी दूध घेऊन गेले. गुरुजी कंदिलाची काच पुसत होते. दोराला हाताहातावर गाठी मारून ठेवल्या होत्या, मोजण्यासाठी.

"गजराबाई, आज जरा जास्त घाला. उद्या कुठं मिळणार?"

मी भांडं खाली ठेवलं आणि दाराबाहेरच उभी राहून म्हणाले, "गुरुजी, उद्या जाऊ नगा."

"का? तुम्हालाही वाटतं देव कोपेल?"

"ती शेळी दुसरी होती."

त्यांचा हात थांबला.

"आत गेली ती चांदी. वर निघाली ती बिजली. मीच न्हेली. आमच्या सगळ्या शेळ्यांचे कान तसेच हायती." एवढं बोलून मी उंबऱ्याशी बसले.

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग विचारलं, "चांदी?"

"आतच हाय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गप झाली."

त्यांनी काच कंदिलाला बसवली, पुन्हा काढली. "मी तिचा कान बघितला," ते म्हणाले. "दुसऱ्या शेळीचा बघायला हवा होता." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "हे देवळात सांगाल का?"

"मला घराबाहेर काढतील. हौसाला माघारी धाडतील. मामंजी जगायचे न्हाईत." मी पदर तोंडाला लावला. "तुमी फकस्त जाऊ नगा. एवढंच मागते."

"आणि मी न जाण्याचं कारण काय सांगू?"

मी दुधाचं भांडं त्यांच्याकडं सरकवलं. त्यांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले. "जा तुम्ही."

रविवारी सगळं गाव देवळामागं जमलं होतं. फास बाजूला काढले होते. मामंजी घरीच राहिले, अंग मोडलंय म्हणाले. गुरुजी कंदील घेऊन आले, तोंडाशी वाकले, आत पाहिलं आणि पुन्हा सरळ झाले.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "मी जात नाही."

क्षणभर कुणाला कळेना. मग तात्या हसले आणि सगळं गाव हसलं. "गुरुजी, शेळी गेली आन् तुमी भ्याला?" "बांगड्या भरा!" "अरं, त्यापरीस शेळीलाच मास्तर करा शाळेत!" गुरुजी कंदील विझवून गर्दीतून निघून गेले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. पोरं त्यांना 'शेळी गुरुजी' म्हणू लागली. आधी पाठीमागं, मग तोंडावर. यात्रेत मामंजींनी पालखीला पहिला खांदा दिला, हौसा आणि तिचा सासरा बघायला आले होते. जूनमध्ये गुरुजींनी बदली करून घेतली.

जायच्या दिवशी मी शेवटचं दूध घातलं. ते ट्रंकेला दोरी बांधत होते, तोच गाठींचा दोर. "गजराबाई, मी चूक केली असं वाटतंय," ते म्हणाले. "तुमचं घर राहिलं. पण आता ते भुयार खरं झालं. आधी नुसती गोष्ट होती. आता लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. मालक आले की त्यांना तरी सांगा. आणि तोंडाला दगड लावून घ्या."

"सांगते," मी म्हणाले.

पावसाच्या तोंडावर मालक कोकणातून आले. शेळीची कीर्ती त्यांना वाटेवरच कळली होती. अंगणात येऊन आधी त्यांनी बिजलीला जवळ घेतलं, कपाळ चोळलं. शेळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "चांदी कुठाय गं?"

मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लांडग्यानं न्हेली," मी म्हणाले.

मालक हळहळले. जुळ्यांतली एक गेली म्हणून बिजलीला जास्तच जपायला लागले. माझ्यावर संशय घ्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. मामंजी १९६४ साली दम्यानं गेले. शपथ सुटली असं मी मनाशी म्हटलं. पण तोवर पहिला खांदा मालकांच्याकडं आला होता आणि ते शेळीची गोष्ट आल्यागेल्याला इतक्या आनंदानं सांगत की, आज सांगू, उद्या सांगू, असं करत चार वर्षं गेली. तोंडाला दगड लावा, असं मी एकदा सुचवलं. "देवाची वाट बुजवायची व्हय?" ते हसून म्हणाले.

पुढं कॉलेजची तीन पोरं बॅटऱ्या घेऊन भुयार बघायला आली. मी बाजाराला गेले होते. पोरं तोंडाशी घुटमळली तेव्हा मालक म्हणाले, "भिताय काय? आमची शेळी गेलीय ह्यातनं," आणि पुढं झाले. पोरांनी नंतर सांगितलं, पंचवीसएक पावलांवर ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. पोरांनाही गुदमरायला लागलं तेव्हा ती माघारी फिरली. कमरेला दोर बांधून, नाकाला ओलं फडकं लावून लोकांनी दोन तासांनी त्यांना बाहेर काढलं.

तेराव्याला मी देवळात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चांदी, बिजली, भंडारा, गुरुजी, सगळं. बायकांनी मला धरून घरी आणलं. दुःखानं डोकं फिरलंय, असं म्हणाल्या. तात्या म्हणाले, अमावास्या जवळ होती, मुहूर्त चुकला. हौसानंही विश्वास ठेवला नाही. मी बावन्न वर्षांची असताना गावात प्रौढांचा वर्ग निघाला, तेव्हा अक्षरं शिकले. त्यानंतर देवळामागं गावानं लावलेल्या फळीवर काय लिहिलंय ते मला वाचता आलं. 'या भुयारात सोडलेली शेळी तिसऱ्या दिवशी घोणगडावर निघाली.' खाली साल दिलं आहे, तेही बरोबर आहे. गुरुजी बदलून गेले होते त्या शाळेच्या पत्त्यावर मी स्वतःच्या हातानं पत्र घातलं. उत्तर आलं नाही.

माझे मालक, धुळा बिरा शेंडगे, देवळामागच्या भुयारात कोंदट हवेनं गुदमरून वारले. १९६८ साल, भाद्रपद वद्यातला रविवार. वय चौतीस.